जुनी हिमालयन ४११ की नवी ४५०? स्पितीला जाण्याआधीचा हिशेब

प्रश्न: मी साताऱ्यात राहतो. वय ३४, उंची १६४ सेंटीमीटर. रोजचं ऑफिस सात किलोमीटरवर. महिन्यातून दोन-तीन रविवार कास, बामणोली, महाबळेश्वर, कधी आंबेनळी घाटातून पोलादपूर. बहुतेक वेळा बायको सोबत असते. पुढच्या जूनमध्ये मनालीहून हिमाचलातल्या स्पितीत, काझाला डबलसीट जायचं ठरवलंय. गाडीसाठी २ लाख साठवलेत. ओळखीतल्या एकाची २०२१ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मोटरसायकल आहे, २६,००० किलोमीटर झालेली. तो १ लाख ५५ हजार मागतो. नवी ४५० ऑनरोड ३ लाख ६५ हजारांपर्यंत जाते, म्हणजे कर्ज काढावं लागेल. मित्र म्हणतात ४११ मध्ये पिकअपच नाही. शोरूममध्ये सांगितलं की ती गाडी बंद झाली, आता पार्ट मिळणार नाहीत. काय करू?

उत्तर: तुमच्या वापराला ४११ पुरेशी आहे. पण हीच ४११ घ्यायची का, हे गाडी डबल स्टँडवर लावून अर्धा तास तपासल्यावरच ठरेल. ती तपासणी पुढे सविस्तर सांगतो. आधी मित्रांचा आणि शोरूमचा मुद्दा.

पार्ट मिळणार नाहीत, ही भीती सोडून द्या. ४११ ची विक्री २०१६ ते २०२३ अशी सात वर्षं चालली. हेच इंजिन २०२२ मध्ये आलेल्या, त्याच कंपनीच्या स्क्रॅम ४११ मध्येही होतं आणि २०२५ ची स्क्रॅम ४४० त्याच इंजिनावरून पुढे बेतलेली आहे. क्लच प्लेट, केबल, ब्रेक पॅड, फिल्टर, बेअरिंग या झिजणाऱ्या वस्तूंची अडचण इतक्यात येणार नाही. शिवाय ज्याने ही गाडी उघडली आहे असा फिटर आता तालुक्याच्या गावातही सापडतो. ४५० उघडलेला माणूस अजून शोधावा लागतो.

पिकअपबद्दल मित्र खरं बोलतायत, पण अर्धंच. ४११ मध्ये साधारण २४ बीएचपी ताकद आणि ३२ एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आहे. ४५० मध्ये दोन्ही आकडे ४० च्या घरात. फरक मोठा आहेच. मात्र ४११ चा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण हातात येतो, ४५० चा साडेपाच हजारांला. लांब स्ट्रोकचं जुनं इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश ओढत राहतं. नव्याला तीन हजारांच्या खाली जाऊ दिलं तर ते मलूल होतं. आंबेनळीच्या यू वळणावर मागे माणूस आणि समोरून एसटी असताना ४५० वाल्याला एक गिअर खाली टाकावा लागतो किंवा क्लच थोडा दाबावा लागतो. चार वळणांत हात बसतो, पण नव्या चालवणाऱ्याची गाडी तिथे बंद पडते.

आता स्पिती. काझाच्या वाटेवरची कुंझुम ला ही खिंड साधारण ४,५५० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. म्हणजे कुंझुमवर ४११ कडे जेमतेम १५ बीएचपी उरते, आणि ४५० कडे २४, म्हणजे ४११ ची साताऱ्यातली ताकद. १५ बीएचपी म्हणजे खालच्या रस्त्यावरच्या १५०-१६० सीसी गाडीएवढी, आणि ती ओढणार १९९ किलोची गाडी, दोन माणसं आणि सामान. चढेल का? चढेल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता. दरवर्षी शेकडो ४११ अशाच चढतात. पण हाफ क्लचवर चढवायचा मोह आवरा. त्या उंचीवर क्लच प्लेट जळायला एक दुपार पुरते. कुंझुमच्या अलीकडे ग्राम्फू ते बातल हा दगडगोट्यांचा आणि नाल्यांचा पट्टा आहे. नाला आला की वहिनींना उतरवा आणि एकट्याने गाडी पलीकडे न्या. हे ४५० वरही करावंच लागेल.

दगडांवर सीटची उंची इंजिनापेक्षा जास्त महत्त्वाची ठरते. ४११ ची सीट ८०० मिलिमीटरवर, ४५० ची ८२५ वर (८४५ पर्यंत वाढवता येते, आणि ८०५ ची बुटकी सीट वेगळी मिळते). १६४ सेंटीमीटर उंचीला हे २५ मिलिमीटर म्हणजे दोन्ही पायांचे चवडे टेकणं आणि एकाच पायाची बोटं टेकणं, एवढा फरक. वजन दोन्हींचं जवळपास सारखं: १९९ आणि १९६ किलो. ४५० पाहायला गेलात तर बुटकी सीट लावलेली गाडी मागा, आणि वहिनींना मागे बसवून तिरक्या जागेवर थांबवून बघा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर काहीच कळत नाही.

४५० चांगली कुठे आहे तेही सांगायला हवं. पुढचे शोवा कंपनीचे ४३ मिलिमीटरचे उलटे फोर्क आणि मागचा २०० मिलिमीटर हलणारा शॉकअप (४११ चा १८०) खड्ड्यात खरोखर वेगळे जाणवतात. पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची आहे, ४११ ची ३०० ची. ब्रेकची पकड हा ४११ चा कमकुवत भाग आहे, विशेषतः डबलसीट उतारावर. सहावा गिअर, स्लिपर क्लच (झटकन गिअर उतरवताना मागचं चाक अडखळू न देणारा), १७ लिटरची टाकी, टीएफटी म्हणजे रंगीत स्क्रीनच्या मीटरवर नकाशा. (नकाशासाठी फोन सतत जोडलेला ठेवावा लागतो. फोन तापतो, आणि रेंज नसलेल्या स्पितीत ऑफलाइन नकाशा फोनमध्ये उतरवलेला हवाच.) हायवेला ४११ ९० च्या आसपास सुखात असते, शंभरच्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट झणझणायला लागतात. ४५० तिथे निवांत असते. आता चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ताशी ८० आहे, त्यामुळे वेगासाठी ४५० घेण्यात अर्थ नाही. तिचा उपयोग खंबाटकीच्या चढावर, सामान आणि डबलसीट असताना, कंटेनरला झटकन ओलांडून जाण्यासाठी. तुम्ही दर आठवड्याला पुण्याला डबलसीट जात असता तर आमचं उत्तर ४५० असतं. तुमची धाव घाटातली आणि गावातली आहे.

पैशाचं गणित मांडू. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेससकट ३१ टक्के होता. ४५० तीन लाखांच्या पुढे गेली त्यात याचा वाटा मोठा. तुमचे २ लाख भरून १ लाख ६५ हजारांचं कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ५,४०० रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज साडेएकोणतीस हजारांच्या घरात. खरी अडचण व्याजाची नाही. गाडी दारात येईल त्या दिवशी हातात शून्य असेल, आणि दोघांचे चांगले जॅकेट, गुडघ्याचे पॅड, हातमोजे, पावसाळी कपडे, सामानाच्या बॅगा, प्रवास, मुक्काम हे सगळं जूनच्या आत उभं करायचंय. हात आखडेल तो नेमका जॅकेट आणि बुटांवर. आम्हाला ते मान्य नाही.

आता तपासणी. मालकाला सांगा, सकाळी इंजिन गार असताना येतो, आधी सुरू करून ठेवू नकोस. हात लावून सायलेन्सर गार आहे का बघा आणि मगच स्टार्टर दाबा. गार इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) हलकी टकटक चालते. टॅपेट स्क्रूने जुळवता येतात, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असलेला कुठलाही फिटर करून देईल. खालून येणारा जड ठोका, किंवा गरम झाल्यावरही न थांबणारी टायमिंग चेनची खरखर असेल तर गाडी सोडा. पाच मिनिटांनी इंजिन बंद करा, डबल स्टँडवर सरळ उभी ठेवून थोडा वेळ जाऊ द्या आणि उजव्या बाजूच्या काचेतून ऑइल बघा. साइड स्टँडवर पाहिलेली पातळी खोटी असते. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.

त्यानंतर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग. ४११ चं सगळ्यात जुनं आणि ठरलेलं दुखणं हेच. गाडी डबल स्टँडवर, एकाने मागची सीट दाबून धरायची, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. हँडल दोन बोटांनी धरून अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. मधोमध, चाक सरळ असतं त्या जागी, खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत. मग खाली बसून दोन्ही फोर्क तळाशी धरा आणि पुढे-मागे ढकला. मानेत टक्‌ असं जाणवलं तर बेअरिंग सैल आहे. असं का होतं? खराब रस्त्यात चाक बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे दणके बेअरिंगच्या त्याच त्या जागी बसतात, आणि धुताना मारलेल्या प्रेशरच्या पाण्याने आतलं ग्रीस निघून जातं. २६,००० किलोमीटरवर कोन सेट गेलेला असेल तर गाडी नाकारू नका, भाव कमी करा. बदलताना टेपर रोलर बेअरिंग टाकायला सांगा, दोन्ही वाट्या नव्या, ग्रीस भरपूर. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या. हा दुसरा फेरा बहुतेक जण विसरतात आणि नवा सेटही लवकर खराब होतो.

फ्रेमच्या बाबतीत मात्र सूट नाही. इंजिनासमोरून खाली येणारी नळी, इंजिन धरणाऱ्या बोल्टभोवतीचे जोड, मागच्या कॅरिअरचे जोड, हेडलाइटभोवतीची पुढची फ्रेम, सगळीकडे टॉर्च मारून वेल्डिंगची रेघ न् रेघ बघा. अगदी सुरुवातीच्या, २०१६ च्या गाड्यांमध्ये फ्रेमच्या तक्रारी होत्या. २०२१ ची गाडी त्यातली नाही. तरी पडलेल्या किंवा जास्त सामान लादलेल्या गाडीला तडा जाऊ शकतो. एकाच ठिकाणी ताजा काळा रंग दिसला तर तो का मारलाय, याचं सरळ उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका. तडा गेल्यावर पुन्हा वेल्डिंग केलेली फ्रेम असेल तर फुकटातही नको.

चाकं फिरवून २१ इंची पुढच्या रिमला ठोके आहेत का बघा. आरे एकेक करून पान्याने हलके वाजवा; सैल आरा बद्द वाजतो. मागची चेन चकरीच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर चेन आणि दोन्ही चकऱ्या एकत्र बदलायच्या, नुसती चेन नाही. फोर्कच्या नळीवर ऑइलचं कडं दिसलं तर सील गेलेत. टाकीचं झाकण उघडून तोंडाजवळ गंज बघा. हे आता जास्त महत्त्वाचं आहे, कारण पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि २०२१ ची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आणि पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा वाकवून चिरा बघा.

वीज तपासायला साधा मल्टीमीटर न्या. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या आसपास, आणि तीन-चार हजार आरपीएमला १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३.५ च्या वर जातच नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे, आणि फॉग लाइट जोडताना वायरिंग कापलंय का तेही बघा. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. जो दिवा चावी फिरवल्यावर पेटतच नाही, तो दोष लपवायला मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मीटरच्या काचेत थोडी वाफ धरणं या गाडीत नेहमीचं, आणि होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं; या दोन्हींवरून गाडी नाकारू नका.

२६,००० हा आकडा खरा आहे का? चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसिंगच्या नोंदी मागवा. मीटर मागे फिरवता येतं, पण फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची घासलेली कड आणि डिस्कच्या काठावरचं कंगोरं लपवणं अवघड.

हे सगळं ठीक निघालं आणि कोन सेट, चेन किंवा टायर यांतलं काही बदलायचं असेल तर १ लाख ३५ हजारांवर बोलणी सुरू करा आणि १ लाख ४५ हजारांच्या वर जाऊ नका. किमतीशिवाय आणखी पंचवीस-तीस हजार गाडीवरच खर्च होणार असं धरून चाला: ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, डॉट ४ ब्रेक ऑइल, पुढचे-मागचे पॅड, कोन सेट, चेन-चकरी, गरजेप्रमाणे टायर, नवी क्लच केबल. जुनी केबल फेकू नका; नव्या केबलच्या शेजारीच प्लॅस्टिकच्या टायने बांधून ठेवा, तुटली तर फक्त टोकं बदलायची. हे काम मे महिन्यात नको, जानेवारी-फेब्रुवारीत करा. त्यानंतर किमान हजार किलोमीटर डबलसीट आणि सामानासकट घाटात फिरवा, म्हणजे बसवताना राहिलेली चूक काझाला नाही, महाबळेश्वरला कळेल.

पंक्चरचं वेगळं सांगतो. ४११ ला ट्यूबचे टायर आहेत. ४५० ला भारतात २०२४ पासून आऱ्यांच्या ट्यूबलेस चाकांचा पर्याय मिळतो आणि तो तिचा खरा फायदा आहे, कारण कुंझुम उतरल्यावर लागणाऱ्या लोसर गावाच्या अलीकडे चाक खोलून ट्यूब काढणं कष्टाचं असतं. म्हणून दोन टायर लिव्हर, २१ इंची आणि १७ इंची एकेक ट्यूब, पॅच, छोटा पंप आणि दोन्ही एक्सलला बसणारे पाने बरोबर हवेत. पाने घरी लावून बघा. गाडीबरोबर आलेल्या किटवर विसंबू नका. दोन ट्यूबना जागा नसेल तर २१ इंची घ्या, अडीअडचणीला ती घडी घालून मागच्या चाकात चालते. निघण्याआधी घरच्या अंगणात दोन्ही चाकं एकदा स्वतः काढून बसवा.

कागदपत्रं थोडक्यात. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं आधी तपासा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा जादा हप्ता धरून ठेवा.

ही गाडी तपासणीत नापास झाली तर चिडून ४५० बुक करायला जाऊ नका. २०२१ ते २०२३ च्या ४११ बाजारात बऱ्याच आहेत. २०२३ ची मिळाली तर थोडे जास्त पैसे देणं परवडतं. आणि महिना-दोन महिने थांबून मनासारखी सापडली नाही, तर दोन वर्षं वापरलेली, वॉरंटी शिल्लक असलेली ४५० बघा. तिला थोडं कर्ज लागेल, पण पूर्ण नव्या गाडीएवढं नाही. घेताना हळू वेगात ती अचानक बंद पडते का, गरम झाल्यावर न्यूट्रल सहज लागतं का आणि रेडिएटरच्या जाळीवर दगडांचे मार आहेत का, हे बघा. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये पहिल्या दोन तक्रारी ऐकू येतात आणि सर्व्हिस सेंटरने त्या दूर केल्या आहेत का, हे नोंदीतून कळतं.

जूनबद्दल एकच. कुंझुम बहुतेक वर्षी मे अखेर ते जूनमध्ये उघडतो, पण कोणत्या तारखेला हे बर्फ ठरवतं. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत जा, आणि रजा मागताना दोन दिवस जास्त मागा.